लिनक्स मिंट 22 : विंडोज 10 च्या लॅपटॉपला दुसरा डाव

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा मोफत आधार संपला. मशीन बंद पडत नाही, पण सुरक्षेचे अपडेट थांबतात. आणि यातल्या बऱ्याच मशीनवर विंडोज 11 अधिकृतपणे चढत नाही, कारण त्याला टीपीएम 2.0 (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारा घटक), सिक्युअर बूट (मान्यता असलेलीच सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय) आणि ठरावीक यादीतलाच प्रोसेसर लागतो: इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, एएमडी असेल तर साधारण रायझन 2000 मालिकेपासून पुढचा. त्यामुळे 2016 चा 16 जीबी रॅमवाला आय-7 बाद आणि त्यानंतरचा, रडतखडत चालणारा स्वस्तातला सेलेरॉन पात्र, असा उफराटा न्याय होतो. 'मग त्यावर लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी बसणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाका' हा सल्ला सध्या सर्रास दिला जातो. तो कितपत खरा, ते इथे तपासलंय. पारखलेली आवृत्ती 22 मालिकेतली, सिनॅमन डेस्कटॉपची (म्हणजे पडद्यावरच्या मांडणीची). पाया उबुंटू 24.04 या दुसऱ्या लिनक्स सिस्टिमचा, अपडेट एप्रिल 2029 पर्यंत.

निकाल आधीच सांगून टाकू. मेल, बँक, व्हिडिओ, व्हिडिओ कॉल, ऑनलाइन अर्ज ही कामं ब्राउझरमध्ये होतात आणि ब्राउझरच्या खाली काय चाललंय याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. तेवढ्यापुरतं पाहिलं तर ऑपरेटिंग सिस्टिमची निवड आता गौण आहे आणि मिंट बिनधास्त घ्यावं. पण प्रत्येकाकडे एखादं काम असं असतं की ते महिन्यातून एकदाच करायचं, पण केल्यावाचून सुटका नाही. निवड ठरते ती त्या कामावरून. ज्यांनी ते आधी ओळखलं त्यांना मिंट आवडतं, आणि ज्यांना ते नंतर सापडलं ते आठवड्याभरात विंडोजवर परततात.

ते ओळखायची सोपी रीत आहे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ॲप्सची यादी उघडा आणि एकेका नावापुढे खूण करा: हे ब्राउझरमध्ये भागतं, याची लिनक्स आवृत्ती आहे, याला पर्याय आहे, याला काहीच नाही. क्रोम, फायरफॉक्स, व्हीएलसी, झूम, टेलिग्राम, ऑडॅसिटी, ब्लेंडर पहिल्या फटक्यात निकालात निघतात. फोटोशॉप आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसची डेस्कटॉप आवृत्ती लिनक्सवर नाहीच. वाइन नावाच्या थरातून विंडोजचे काही प्रोग्रॅम चालतात, पण ज्या प्रोग्रॅमवर पोट अवलंबून आहे तो वाइनच्या भरवशावर टाकू नये. आज चाललेला उद्याच्या अपडेटनंतर चालेलच असं नाही, आणि प्रोग्रॅम बनवणारी कंपनी अशा वेळी हात वर करते. यादीत न दिसणारी उपकरणंही मोजा: डिजिटल सहीचा यूएसबी टोकन, जुना स्कॅनर, लेबल छापणारं यंत्र, प्रयोगशाळेतलं किंवा दवाखान्यातलं एखादं यंत्र. त्यांचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजसाठी असेल तर विषय तिथेच संपतो.

ऑफिसच्या फाइलींबद्दल थोडं खोलात जायला हवं, कारण सर्वांत जास्त कुरबुर इथूनच येते. मिंटमध्ये लिब्रेऑफिस आधीपासून असतं. साधी पत्रं, तक्ते, सादरीकरणं ते नीट उघडतं. पानांची मांडणी विस्कटते ती बहुतेक वेळा फाँटमुळे. फाइलमध्ये कॅलिब्री असेल आणि मशीनवर नसेल, तर दुसरा फाँट जागा घेतो, अक्षरांची रुंदी बदलते, ओळी सरकतात आणि दोन पानांचा अर्ज तिसऱ्या पानावर जातो. यावर उपाय आहे: कारलिटो आणि कॅलाडिया हे फाँट टाका. अक्षरांचं वळण वेगळं असलं तरी रुंदी अनुक्रमे कॅलिब्री आणि कॅम्ब्रियाइतकीच ठेवलेली आहे, त्यामुळे ओळी जागच्या जागी राहतात. एरियल आणि टाइम्स न्यू रोमनसाठी लिबरेशन हे फाँट तेच काम करतात. ऑफिस आता आपोआप लावतं तो नवा फाँट ॲप्टॉस मात्र अजून डोकेदुखी आहे. पाठवणाऱ्याला फाँट फाइलमध्येच भरायला सांगा, नाहीतर पीडीएफ मागा. एक्सेलमध्ये व्हीबीए मॅक्रो किंवा पॉवर क्वेरी वापरत असाल तर फाँटचा प्रश्नच गौण. मॅक्रो लिब्रेऑफिसमध्ये अर्धवट चालतात आणि ऑफिसच्या वेब आवृत्तीत चालतच नाहीत. अशा माणसाने विंडोज सोडू नये, स्पष्टच सांगायचं तर.

मराठी लिहिण्या-वाचण्याचं: युनिकोड मजकुराला कुठेच अडचण नाही. कीबोर्डच्या लेआउटमध्ये मराठी जोडता येतं, आणि रोमन अक्षरांवरून देवनागरी टंकायची सवय असेल तर आयबस आणि एम17एन हे दोन घटक टाकून आयट्रान्स पद्धत मिळते. विंडोजच्या फोनेटिक कीबोर्डपेक्षा तिचे नियम वेगळे आहेत, बोटांना वळण लागायला वेळ द्यावा लागतो. खरी अडचण युनिकोडपूर्व फाँटांची. असा फाँट मशीनवर टाकला की जुनी फाइल दिसते, पण त्यात टंकायला लागणारं इंजिन विंडोजचंच असतं. छपाईशी संबंधित कामात हे अजून आहे.

आता मशीन. मिंटची किमान गरज 2 जीबी रॅम आणि 20 जीबी जागा अशी सांगितली जाते, शिफारस 4 जीबी आणि 100 जीबीची. 2 जीबीवर डेस्कटॉप दिसेल, पण ब्राउझरचे चार टॅब उघडताच मशीन गुडघे टेकेल. रिकामं सिनॅमन साधारण एक ते दीड जीबी घेतं, बाकी सगळं ब्राउझर खातो, आणि ब्राउझरची भूक कुठल्याही सिस्टिमवर तेवढीच. 4 जीबी असेल तर मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या, 8 असेल तर सिनॅमन. आणि एक गोष्ट लिनक्सचे चाहते क्वचितच सांगतात: फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क काढून साधी साटा एसएसडी बसवल्याने जो वेग मिळतो, तो कोणतीही सिस्टिम बदलून मिळत नाही. मशीन हळू आहे एवढीच तक्रार असेल तर आधी डिस्क बदला, सिस्टिमचं नंतर पाहू.

टाकण्याआधी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येतं, आणि ही सोय पुरेपूर वापरावी. मिंटची आयएसओ फाइल (अख्खी सिस्टिम असलेली एकच फाइल) 3 जीबीच्या आसपास असते, 8 जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो (त्यावरचं सगळं पुसलं जातं). फाइल उतरवल्यावर तिची एसएचए-256 बेरीज (फाइल जशीच्या तशी आली का हे दाखवणारा लांब आकडा) संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळवा. अर्धवट उतरलेल्या फाइलीमुळे इन्स्टॉलर मध्येच दगा देतो आणि दोष मशीनच्या माथी मारला जातो. रुफस किंवा बलेना एचरने ती पेन ड्राइव्हवर लिहा, मशीन चालू करताना एफ12, एफ9 किंवा एस्केप दाबून पेन ड्राइव्ह निवडा. वेगावरून इथे मत बनवू नका, पेन ड्राइव्हवरून सगळं संथच चालतं. तपासायचं ते असं: वाय-फाय, आवाज, मायक्रोफोन, कॅमेरा, ब्लूटूथ, उजेडाच्या कळा, टचपॅडवर दोन बोटांनी सरकवणं, बाहेरचा पडदा, आणि झाकण मिटून पाच मिनिटांनी उघडल्यावर मशीन जागं होतं का. हे शेवटचं बरेच जण विसरतात. काही लॅपटॉपवर झोपेतून उठल्यावर पडदा काळाच राहतो, तर काहींची झोपेतच बॅटरी उतरते. ते इथेच दिसलं तर पुढची दगदग वाचते. फिंगरप्रिंट वाचक चालेल अशी आशा धरू नका, चालला तर बोनस समजा.

वाय-फाय दिसलंच नाही तर घाबरायचं कारण नाही. ब्रॉडकॉमच्या बऱ्याच चिपांना स्वतंत्र ड्रायव्हर लागतो आणि तो उतरवायला इंटरनेट लागतं, असा तिढा होतो. फोन यूएसबीने जोडा, फोनवर यूएसबी टेदरिंग सुरू करा, मशीनला तो तारेचं नेटवर्क म्हणून दिसतो. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडून सुचवलेला ड्रायव्हर टाका.

इन्स्टॉलरला डिस्कच सापडत नसेल, तर बहुधा बायोसमध्ये (मशीनच्या स्वतःच्या, सिस्टिमच्याही आधी चालणाऱ्या सेटिंग्जमध्ये) साठवण इंटेल आरएसटी किंवा व्हीएमडी या पद्धतीवर ठेवलेली असते. ती एएचसीआय या साध्या पद्धतीवर न्यावी लागते. विंडोज मिंटच्या शेजारी, त्याच मशीनवर ठेवायचं असेल तर हा बदल सरळ करू नका, पुढच्या वेळी विंडोज निळा पडदा दाखवेल. आधी विंडोजमधून सेफ मोडमध्ये उघडण्याची खूण करा, मग बायोस बदला, एकदा सेफ मोडमध्ये शिरू द्या आणि ती खूण काढून टाका.

बॅकअप घेताना एक सापळा आहे. वनड्राइव्ह चालू असेल तर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही फोल्डर बरेचदा नकळत त्याच्या ताब्यात गेलेली असतात. तिथल्या ज्या फाइलीपुढे ढगाचं चिन्ह दिसतं ती मशीनवर नसतेच, फक्त तिचं नाव असतं. मिंटच्या पेन ड्राइव्हवरून बूट करून तेच फोल्डर बाहेरच्या डिस्कवर ओढलं तर नावं दिसतात, पण त्यातली फाइल हाती लागत नाही. म्हणून बॅकअप विंडोजमधूनच घ्या. त्याआधी फोल्डरवर उजवी क्लिक करून फाइली कायम या मशीनवर ठेवण्याचा पर्याय निवडा, आणि सगळीकडे हिरवी खूण येईपर्यंत थांबा. बाहेरची डिस्क एक्सफॅटमध्ये असलेली बरी. फॅट32 वर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. ब्राउझरचे पासवर्ड आणि बुकमार्क खात्याशी जोडलेले आहेत की नाहीत, तेही आत्ताच पाहा.

दुसरा सापळा बिटलॉकरचा, म्हणजे डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीचा. डिव्हाइस एन्क्रिप्शन या नावाने ते होम आवृत्तीतही चालू असू शकतं. बायोसमध्ये काही बदललं की पुढच्या वेळी विंडोज 48 आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. हात लावण्याआधी ती कागदावर उतरवून घ्या. विंडोज शेजारी ठेवायचं असेल तर एन्क्रिप्शन पूर्ण बंद करा, फास्ट स्टार्टअपही बंद करा. फास्ट स्टार्टअप चालू असताना विंडोज खऱ्या अर्थाने बंद होत नाही, अर्धवट झोपतं. मग मिंट त्या विभागात लिहायला नकार देतं. विंडोजचा विभाग लहान करायचं कामही विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून करा.

प्रत्यक्ष टाकणं वीसेक मिनिटांचं काम आहे. मल्टिमीडिया कोडेकच्या (व्हिडिओ-आवाज उलगडणाऱ्या घटकांच्या) चौकटीत खूण करून ठेवा, नाहीतर काही व्हिडिओ चालणार नाहीत. आणि 'डिस्क पुसून मिंट टाका' या पर्यायावर बोट ठेवण्याआधी नीट वाचा: डिस्क म्हणजे अख्खी डिस्क. सी पुसलं जाईल, डी वाचेल असं समजून फोटो डीवर ठेवणाऱ्यांची इथे धूळधाण होते, कारण दोन्ही विभाग एकाच डिस्कवर असतात.

सिक्युअर बूट चालू असताना कोडेक किंवा एनव्हिडियाचा ड्रायव्हर निवडला, तर इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवायला सांगतो. पहिल्यांदा मशीन पुन्हा चालू झालं की निळ्या पार्श्वभूमीवर जुन्या धाटणीचा मेनू येतो. त्यात 'एनरोल एमओके' निवडायचं, मग 'कंटिन्यू', मग होकार, मग तोच पासवर्ड. हा मेनू काही सेकंदच थांबतो. घाईत पहिली ओळ, म्हणजे 'कंटिन्यू बूट', दाबली गेली तर मशीन चालू होतं, पण ड्रायव्हर चढत नाही आणि पडद्याचं रिझोल्यूशन विचित्र दिसतं. तसं झालं तर ड्रायव्हर काढून पुन्हा टाका, मेनू परत येईल.

दोन्ही सिस्टिम शेजारी ठेवणाऱ्यांना आणखी दोन गोष्टी भेटतात. विंडोजमध्ये घड्याळ चुकतं, कारण मशीनच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ मांडतं आणि लिनक्स जागतिक. मिंटला स्थानिक वेळ धरायला सांगणारी एक आज्ञा आहे, ती एकदाच द्यायची. आणि विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर कधीकधी मशीन थेट विंडोजमध्येच उघडतं. मिंट पुसलं गेलेलं नसतं, फक्त क्रम बदललेला असतो. बायोसमध्ये जाऊन 'उबुंटू' नावाची नोंद वर आणा, मिंट त्याच नावाने नोंदलेलं असतं. ऑगस्ट 2024 च्या विंडोज अपडेटने तर सिक्युअर बूटच्या नव्या नियमामुळे काही मशीनवरचं लिनक्स उघडेनासंच झालं होतं. त्यामुळे दोन सिस्टिम, दोन डिस्क ही व्यवस्था जमली तर उत्तम.

रोजच्या वापरात मिंट सुखाचं आहे. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, त्यामुळे विंडोजवाल्याला चाचपडावं लागत नाही. अपडेटसाठी ते कामाच्या मध्ये मशीन बंद करून चालू करत नाही. हाच गुण अवगुणही ठरतो. सांगणारं कुणी नसलं की लोक महिनोन्महिने अपडेट करत नाहीत. अपडेट मॅनेजरच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑटोमेशनचं पान आहे, तिथे अपडेट आपोआप लागू होणं आणि जुने कर्नल (सिस्टिमचा गाभा) आपोआप निघणं दोन्ही चालू करा. त्याआधी टाइमशिफ्ट (सिस्टिमच्या प्रती काढून ठेवणारं साधन) लावून घ्या: रोजच्या दोन आणि आठवड्याची एक प्रत पुरे. जास्त ठेवल्या तर छोटी एसएसडी बघता बघता भरते. टाइमशिफ्ट सिस्टिमच्या फाइली मागे नेतं. तुमचे फोटो आणि कागदपत्रं ते धरत नाही, त्यांचा बॅकअप वेगळा.

सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये नेहमीचं ॲप सापडत नसेल तर एक कारण ठाऊक असावं. मूळ निर्मात्याने पडताळलेली नसलेली फ्लॅटपॅक ॲप (फ्लॅटपॅक ही लिनक्सवर ॲप वाटायची एक पद्धत) मिंट 22 पासून सुरुवातीला लपवलेली असतात. सेटिंगमध्ये ती दाखवता येतात. लपवली आहेत ते योग्यच आहे. आधी निर्मात्याच्या संकेतस्थळावर डेब फाइल (मिंटवर थेट टाकता येणारी ॲपची फाइल) आहे का ते पाहा. मिंट स्नॅप ही उबुंटूची ॲप वाटायची पद्धत वापरत नाही, आणि त्याचं कुणाला दुःख झाल्याचं दिसत नाही.

प्रिंटरचं चित्र अपेक्षेपेक्षा बरं आहे. नेटवर्कवरून एअरप्रिंट किंवा आयपीपी या छपाईच्या पद्धती समजणारे नवे प्रिंटर ड्रायव्हरशिवाय सापडतात, एचपीच्या बहुतेकांना एचपीएलआयपी हे ड्रायव्हरचं सॉफ्टवेअर पुरतं. जुने, स्वस्त, यूएसबीवाले लेझर मात्र नाव-मॉडेल शोधूनच ठरवा. पैसे भरून पाहायच्या व्हिडिओ सेवा चालतात, पण लिनक्सवर संरक्षणाचा वरचा स्तर नसल्याने त्या बऱ्याचदा कमी रिझोल्यूशन देतात. मोठ्या पडद्यावर ते डोळ्याला टोचतं. खेळांच्या बाबतीत विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणाऱ्या व्हॉल्व्हच्या प्रोटॉनमुळे स्टीमवरचे खूप खेळ चालतात. व्हॅलरंट आणि फोर्टनाइट चालत नाहीत, कारण त्यांची फसवणूक रोखणारी यंत्रणा लिनक्सवर परवानगी देत नाही. घरातला पोरगा त्यातलं काही खेळत असेल तर त्याला आधी विचारा.

फोनशी जोडणी: अँड्रॉइड असेल तर केडीई कनेक्ट किंवा मिंटचंच वॉर्पिनेटर वापरून फाइली घरच्या नेटवर्कवरून पाठवता येतात. आयफोनचे फोटो तारेने उतरतात, पण ॲपलच्या अधिकृत मार्गाने आयफोनचा मशीनवर पूर्ण बॅकअप घ्यायचा तर मॅक किंवा विंडोज लागतं. गूगल ड्राइव्हचा आणि वनड्राइव्हचा लिनक्ससाठी अधिकृत प्रोग्रॅम नाही. गूगल खातं जोडलं की ड्राइव्ह फाइल मॅनेजरमध्ये दिसतो, पण नेट गेलं की फाइली गेल्या. सगळं आयुष्य ड्राइव्हवर ठेवणाऱ्याने हे गंभीरपणे घ्यावं.

सुरक्षेबद्दल अवास्तव दावे ऐकू येतात. लिनक्सवर विंडोजचे व्हायरस सहसा चालत नाहीत हे खरं. पण खोट्या बँकेच्या पानावर टाकलेला पासवर्ड मिंटवरूनही तितक्याच वेगाने चोराकडे जातो, आणि ब्राउझरमधलं लबाड एक्स्टेंशन सिस्टिमचं नाव विचारत नाही.

बाकीचे पर्याय थोडक्यात. मशीन विंडोज 11 च्या यादीत असेल आणि वरचा एखादा अडसर लागू होत असेल तर सरळ 11 घ्या. टीपीएम नाही असं दिसलं तरी बायोसमध्ये पाहा, इंटेल पीटीटी किंवा एएमडी एफटीपीएम या नावाने ते बंद ठेवलेलं असू शकतं. रुफसची अट-वगळणारी युक्ती वापरून न बसणाऱ्या मशीनवर 11 चढवता येतं, पण वर्षाची मोठी अपडेट हाताने करावी लागते, आणि 11 ची 24एच2 ही आवृत्ती तर फार जुन्या प्रोसेसरवर उघडतच नाही. तो खटाटोप दुसऱ्याच्या मशीनवर करून देऊ नये, निस्तरायला तुम्हालाच जावं लागेल. घरगुती वापरासाठी विंडोज 10 ची वाढीव सुरक्षा योजना 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतच आहे. मॅक घेणं म्हणजे मशीनच बदलणं, आणि जुना इंटेल मॅक घेताना लक्षात ठेवा की मॅकओएस टाहो ही इंटेलसाठीची शेवटची आवृत्ती. 2021 पासूनच्या क्रोमबुकना 10 वर्षं अपडेट मिळतात. फक्त ब्राउझर वापरणाऱ्याला मिंटपेक्षा तेच कमी कटकटीचं.

विंडोज पुसण्याआधी एक काम राहतं: विंडोजचाच पेन ड्राइव्ह बनवून ठेवणं. डिजिटल परवाना मदरबोर्डाशी बांधलेला असतो, त्यामुळे तीच आवृत्ती पुन्हा टाकली की किल्ली न मागता ती चालू होते. पण तो पेन ड्राइव्ह विंडोजमध्ये असतानाच मीडिया क्रिएशन टूलने बनवा. मिंटमधून बनवायला गेलात तर विंडोजच्या आयएसओमधली मुख्य फाइल अनेकदा 4 जीबीच्या वर असते, फॅट32 वर ती बसत नाही, आणि मिंटचं नेहमीचं पेन ड्राइव्ह लिहिणारं साधन त्यासाठी चालत नाही. मग व्हेंटॉयसारखं वेगळं साधन वापरावं लागतं.